मगरीला दिलेलं हसू

सरांचं हसू मी मगरीच्या तोंडात बसवलं ते चुकून नव्हे, आणि गंमत म्हणूनही नव्हे. दातओठ खाऊन, सात आठवडे घालून, गालाचा एकेक स्नायू न्याहाळून बसवलं. ते आजही रोज संध्याकाळी टीव्हीवर हसतं आणि मला बरं वाटतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून पश्चात्तापाची वाट बघत बसायला नको.

आमचा स्टुडिओ सदाशिव पेठेत, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर, दुसऱ्यावर स्पर्धा परीक्षांचे क्लास, आणि त्यांच्या डोक्यावर आम्ही, लहान मुलांची कार्टून बनवणारे चाळीसेक जण. कार्टून कॉम्प्युटर बनवतो असा लोकांचा समज आहे. माझा चुलता अजून विचारतो, "बटनच दाबायचं असतं ना?" बटणं असतात, नाही असं नाही. गोष्ट लिहून झाली की तिची चित्रं काढून भिंतीवर लावतात. मग एक जण कॉम्प्युटरमध्ये पात्राचा पुतळा घडवतो, चारी बाजूंनी फिरवून बघता येईल असा. तो बिचारा दोन्ही हात पसरून नुसता उभा असतो. दुसरा त्याच्या आत हाडं घालतो, सांधे बसवतो, कुठला सांधा किती वाकेल ते ठरवतो. एवढं झालं की तो आम्हा अॅनिमेटरांच्या ताब्यात येतो. आम्ही त्याला मोजक्या ठिकाणी उभं करतो. इथे टाच टेकली, इथे भार आला, इथे दुसरा पाय पुढे गेला. मधल्या जागा कॉम्प्युटर भरतो, आणि अगदी भिकार भरतो. सगळं एकाच वेगानं, पाण्यात तरंगल्यासारखं. माणूस तसा चालत नाही. माणसाला वजन असतं, कंटाळा असतो, कुठेतरी काहीतरी दुखत असतं. ते सगळं हातानं घालावं लागतं, आणि एका सेकंदाला पंचवीस चित्रं लागतात. दिवसभर मान मोडून बसलं की पडद्यावरचे पाच-सहा सेकंद निघतात.

चाल मात्र एकदाच करायची. दोन पावलं अशी बेतायची की शेवटचं चित्र पहिल्याला येऊन मिळेल. मग ती दोन पावलं फिरवत ठेवली की पात्र हवं तितकं चालत राहतं. याला आम्ही सायकल म्हणतो. चांगली जमलेली सायकल स्टुडिओच्या लायब्ररीत ठेवतात आणि पुढे कुठल्याही पात्राच्या अंगावर चढवतात. पोस्टमनची चाल न्हाव्याला, न्हाव्याची हवालदाराला. वेळ वाचतो, आणि बघणाऱ्या पोरांना काही कळत नाही.

चालीला नमुना लागतो. त्यासाठी आमच्या पॅसेजमध्ये जमिनीवर फूटफूटभर अंतरानं पांढऱ्या चिकटपट्ट्या मारल्या होत्या आणि भिंतीशी तिपाईवर एक कॅमेरा कायम लावलेला असायचा. ज्याला जी चाल करायची त्यानं आधी त्या पट्ट्यांवरून स्वतः चालायचं, ते चित्रण समोर ठेवून काम करायचं. गरोदर बाई, दारुडा, इन्स्पेक्टर, सगळे आम्हीच होत होतो. एकदा बदकसुद्धा.

त्या पॅसेजमध्ये माझे वडील चालले.

आम्ही शहराच्या कडेच्या गावातले. आता गाव महापालिकेत आहे, आमच्या शेजारच्या शेतात उंच इमारतींचे टॉवर उभे आहेत, घर तेवढं तेच आहे. आबांचा उजवा खुबा बरीच वर्षं दुखतो. खालच्या डॉक्टरांची वेळ मीच घेतली होती. एक्स-रे काढून झाल्यावर तो मला दाखवावा म्हणून आबा दोन जिने चढून वर आले. मी मीटिंगमध्ये होते. त्यांना बाहेर बसायला सांगितलं. आबांना फार वेळ बसवत नाही, खुबा आखडतो. म्हणून ते उठले आणि एक्स-रेचं ते भलंमोठं पाकीट काखेशी धरून पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालू लागले. शेवटी कंटाळून, माझ्यासाठी निरोप ठेवून, स्वारगेटला बस गाठायला निघून गेले. मी बाहेर आले तेव्हा ते गेलेले होते.

आबा येरझाऱ्या घालत होते तेव्हा पॅसेजच्या टोकाला आमचे सर चहा पीत उभे होते. सर म्हणजे अॅनिमेशन सुपरवायझर, आमच्या सगळ्यांचं काम पास करणारे. जन्म पेठेतला, भाषा घोटीव, आणि माणसाला 'आपण' म्हणून सोलून काढायची हातोटी. मी नोकरीला लागले त्या दिवशी एक शॉट दाखवताना "पाय असा वळतोय, पन भार हितं हाय" असं म्हणाले होते. सर म्हणाले, "आपण बोलू नका. आपण काम करा. कामाला शुद्धलेखन लागत नाही." त्यानंतर वर्षभर मी त्या खोलीत 'हो सर' आणि 'बघते सर' एवढंच बोलले.

त्या दिवसांत सरांना एका चोराची चाल हवी होती. शाळेत चोऱ्या करणारा ढेरपोट्या चोर, मालिकेतलं विनोदी पात्र. आमच्यातल्या तिघांनी करून दाखवली होती आणि तिघांचाही पाणउतारा झाला होता. चहा पिता पिता सरांनी समोर चालणारा माणूस बघितला आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिव्ह्यूला, म्हणजे सगळ्यांचं काम एकत्र बघायच्या बैठकीला, सरांनी ते चित्रण लावलं. मानेपासून खाली. चेहरा नव्हता. खोलीत बारा जण होते आणि बाराही जण हसले, म्हणजे मी धरून नाही, अकरा. सर उठले आणि स्वतः तसे चालून दाखवायला लागले. मी पाकिटावरून ओळखलं. त्यावर त्या एक्स-रेवाल्याचा शिक्का दिसत होता, मी आदल्या संध्याकाळी घरी तेच पाकीट उघडून बघितलं होतं.

"पाकिटाच्या जागी चोरीची थैली द्या, झालं काम," सर म्हणाले. "कोण करणार?" मग माझ्याकडे बघून त्यांनी ओठाचा डावा कोपरा वर उचलला. "आपणच करा. आपल्याकडचीच चाल दिसते. गावाकडची."

मी म्हणाले, "हो सर."

या वाक्याचं मी काय करू ते मला अजून कळलेलं नाही. त्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती, हे खरं. चेहरा दिसत नाही, कुणाला कळणार, अशी मी मनाची समजूत घातली, हेही खरं. पण 'हे माझे वडील आहेत' एवढं म्हणायला दोन सेकंद पुरले असते, पन्नास चित्रं.

अकरा दिवस मी आबांचे पाय बघत बसले. डावा पाय वीस चित्रं जमिनीवर राहतो, उजवा चौदाच. उजव्यावर भार आला की तापलेल्या फरशीवर ठेवल्यासारखा लगेच सोडवून घेतात. वेदना नको म्हणून सगळं अंग उजवीकडे झुकतं आणि डावा हात तोल सांभाळायला थोडा लांब जातो. इतकी वर्षं एका घरात राहून मी हे कधी पाहिलं नव्हतं. मी ते सगळं त्या ढेरपोट्याच्या अंगात घातलं, थोडं वाढवून, कारण कार्टूनमध्ये वाढवावं लागतं. सांगायला लाज वाटते, पण माझ्या हातून झालेली ती सगळ्यात चांगली चाल आहे. सरांनी पहिल्या फटक्यात पास केली. टाळ्या झाल्या. नोकरी कायम झाली.

चोराला पोरांनी डोक्यावर घेतलं. त्याची चाल लायब्ररीत गेली, तिथून एका आचाऱ्याला गेली, एका सावकाराला गेली, एका म्हाताऱ्या अस्वलाला गेली. आणि आमच्या गावात आबांकडे परत आली.

आबा रोज सकाळी साडेसहाला किटली घेऊन दुधाच्या बूथवर जायचे. वाटेत टॉवरच्या गेटपाशी शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं उभी असतात. एक दिवस त्यांतल्या कुणीतरी ओरडलं, "चोर आला! सेम टू सेम!" मग रोजच. मालिकेची धून म्हणत ती आबांच्या मागून तशीच चालत यायची, बूथपर्यंत. पहिल्यांदा आबाही हसले. मग एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "ते कार्टून तुमच्याच हापिसातलं हाय का गं?"

"न्हाई आबा," मी म्हणाले. "दुसऱ्या कंपनीचं."

आठवड्याभरात आबांनी दूध आणणं बंद केलं. पिशवीचं दूध दारात येतंय की, कशाला हेलपाटा, म्हणाले. ओट्यावर खुर्ची टाकून बसू लागले. डॉक्टरांनी बजावलं होतं की चाललं नाही तर खुबा धरून बसेल, मग चालायचं म्हटलं तरी चालता येणार नाही. आई त्यांच्यावर ओरडायची, मी ओरडायचे. ते "बघू" म्हणायचे आणि बसून राहायचे. दोन महिन्यांत मोरीपर्यंत जातानासुद्धा भिंत धरू लागले.

माझ्या डोक्यात तेव्हा आग पेटली. पोरांवर राग काढण्यात अर्थ नव्हता. स्वतःवर काढायची माझी छाती नव्हती. सर मात्र रोज समोरच बसलेले असायचे.

त्यात नवी मालिका आली, तळ्यातल्या प्राण्यांची, आणि चोराच्या यशामुळे तिच्यातल्या दुष्ट मगरीचा चेहरा माझ्याकडे सोपवला गेला. चेहऱ्याचं काम चालीपेक्षा किचकट. ओठांचा डावा कोपरा वर, उजवा वर, पापणी अर्धी, नाकपुडी फुगलेली, असे वेगवेगळे आकार घडवून घ्यायचे आणि कुठला किती आणि कधी मिसळायचा ते ठरवायचं. एकाच क्षणी सगळं हललं की चेहरा रबरी दिसतो. आधी काय हलतं आणि मागून काय, यातच माणूस सापडतो.

मी सरांना शोधू लागले. रिव्ह्यूला वहीत खाली मान घालून टिपणं काढायचे, सगळ्यांना वाटायचं किती मन लावून ऐकते. मी लिहीत होते: कुणाला तरी सोलायच्या आधी डावा कोपरा उचलतात. तीन-चार चित्रांनंतर हनुवटी आत जाते. उजवा कोपरा जागचा हलत नाही. पापण्या अर्ध्या मिटतात, पण डोळ्यांपर्यंत हसू पोचत नाही. मग बोलतात, आणि बोलणं संपायच्या आत हसू एकदम गायब, दुकानाचं शटर ओढल्यासारखं. हे सगळं मी त्या मगरीला दिलं. बेडकाला गिळायच्या आधी ती तसं हसायची.

पहिल्यांदा दाखवलं तेव्हा अंधाऱ्या खोलीत कुणाचा तरी श्वास अडकलेला मला ऐकू आला. सरांनी ते तीनदा लावायला सांगितलं.

"हे असं कोणी हसतं का?" ते म्हणाले. "डावीकडे सुरू होतं आणि उजवीकडे पोचतच नाही. साफ अनैसर्गिक. आपण आयुष्यात कधी माणूस हसताना बघितलाय का?" आणि असं म्हणताना त्यांनी डावा कोपरा उचलला, हनुवटी आत घेतली, पापण्या अर्ध्या मिटल्या. पडद्यावर मगर तेच करत होती. एका मुलीला खोटा खोकला आला. एक जण पाण्याची बाटली भरायला म्हणून बाहेर पळाला, बाटली टेबलावरच ठेवून.

"बघते सर," मी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी हनुवटी अजून थोडी आत घेतली. चॅनेलवाल्यांना ते इतकं आवडलं की सरांना बोलायला जागा उरली नाही. मी ते हसू लायब्ररीत टाकलं. तिथून ते कोल्ह्याला गेलं, चेटकिणीला गेलं, भेसळ करणाऱ्या दुकानदाराला गेलं.

मालिका लागून तीन-चार महिने झाले असतील. एका दुपारी मी डबा खात होते तेव्हा सर माझ्या टेबलाशी आले. ते कधी कुणाच्या टेबलाशी जात नाहीत, बोलावून घेतात.

"दोन मिनिटं आहेत का आपल्याला?" ते म्हणाले, आणि उभेच राहिले. त्यांची मुलगी दुसरीत होती. शाळेत पालकसभा होती आणि तिनं त्यांना बजावलं होतं, बाबा, तुम्ही येऊ नका, आणि आलात तर हसू नका. वर्गातली मुलं तिला मगरीचं पिल्लू म्हणत होती. "मी आरशासमोर उभा राहून बघितलं," सर म्हणाले. एवढं बोलताना त्यांचा डावा कोपरा उचलला जाऊ लागला आणि त्यांनी चटकन तोंडावर हात ठेवला.

मला इतका आनंद झाला की हातातला घास खाली ठेवावा लागला.

"लायब्ररीतून काढून टाकाल का?" त्यांनी विचारलं. "पुढच्या पात्रांना तरी नको."

"आधी चोराची चाल काढा," मी म्हणाले.

"चोराची? तिचा काय संबंध?"

"ते माझे वडील आहेत."

सर माझ्याकडे बघत राहिले. "पाकीटवाले?" ते म्हणाले. "मला वाटलं खालचा कुणी पेशंट चुकून वर आलाय." मग म्हणाले, "आपण सांगायचं होतं. मी विचारलं होतं ना, कोण करणार? आपण 'हो सर' म्हणालात."

ते उपहासानं म्हणाले असते तर मी सहन केलं असतं. ते साधेपणानं म्हणाले. त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला ठाऊक होतं, हा आमच्यातला फरक त्यांनी माझ्या डब्याशेजारी आणून ठेवला. त्याबद्दल मी त्यांना कधीच माफ करणार नाही.

त्यांनी माझ्याच कॉम्प्युटरवर स्वतःचा पासवर्ड घालून ती चाल लायब्ररीतून काढली. जे भाग लागून गेले ते आपल्या हातात नाहीत, म्हणाले. मग माझ्याकडे बघत थांबले.

"करते सर," मी म्हणाले. "आजच."

केलं नाही. नंतर त्यांनी दोनदा विचारलं. एकदा मी म्हणाले सर्व्हर बंद होता, एकदा म्हणाले विसरले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. आता रिव्ह्यूला ते तोंड मिटून बसतात आणि लोकांचं काम पूर्वीपेक्षा लवकर पास होतं.

पण ते 'आपण सांगायचं होतं' माझ्या डोक्यातून जाईना. सर टेबलाशी आले त्याच संध्याकाळी मी घरी गेले, ओट्यावर आबांच्या खुर्चीशेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. पाकीट, पट्ट्या, अकरा दिवस, मगर. घरात मी घरचंच बोलते.

आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मी हाय ते ठावं हुतं तुला?"

"व्हय आबा."

"आन् मला म्हनलीस दुसऱ्या कंपनीचं हाय."

"व्हय."

आबा म्हणाले, "त्या साहेबाचं हसू काढलंस का?"

"न्हाई."

"काढू नगंस," आबा म्हणाले. "आन् उद्या साडेसहाला तयार ऱ्हा. दूध आनायला जायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. आबांच्या एका हातात किटली, दुसरा हात माझ्या खांद्यावर. गेटपाशी मुलं होतीच, दोघा-तिघांच्या आयाही होत्या. इतक्या दिवसांनी आबा दिसल्यावर मुलांना उधाण आलं. "चोर आला! चोर आला!"

आबा थांबले. माझ्या खांद्यावरचा हात काढून गेटच्या खांबाला टेकून उभे राहिले.

"ह्यो चोर हिनं केलाय," ते मुलांना म्हणाले. "माझी लेक हाय. माझं चालनं बघून केलाय. इचारा तिला."

"खरंच, आँटी? तुम्ही अॅनिमेटर आहात?" मुलांनी मला गराडा घातला. "मग तो कसा चालतो ते करून दाखवा ना! प्लीज, एकदाच!"

"उशीर होतोय," मी म्हणाले.

"दाव की," आबा म्हणाले. "बस यायला येळ हाय अजून."

मी गेटपासून विजेच्या पेटीपर्यंत चालून दाखवलं. शिकावं लागलं नाही, एकेक चित्र मला पाठ होतं. मुलं हसून हसून वाकली. एका आईनं मोबाइल काढला. तिनं मला विचारलं नाही. "अजून एकदा," मुलं म्हणाली, आणि मी आबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी परत चालले. बस येईपर्यंत त्यांनी मला चार वेळा चालवलं आणि त्यांच्या तोंडावरची रेषही हलली नाही. मग त्यांनी किटली उचलली आणि आम्ही दूध घेऊन आलो.

आता आबा रोज एकटे बूथवर जातात. खुबा सुटायला लागलाय, भिंत धरावी लागत नाही. मुलं त्यांना "गुड मॉर्निंग आबा" म्हणतात आणि वाट देतात. मी त्यानंतर तासाभरानं स्कूटर घेऊन निघते, तेव्हा गेटवर दुसऱ्या बसची मुलं उभी असतात, त्या आईच्या मोबाइलवरचा व्हिडिओ बघितलेली. मला बघितलं की ती एका सुरात ओरडतात, "चोर आली!"